पक्ष, प्रतिपक्ष आणि प्रमाण

तर्कशास्त्राचे अध्यापन हा ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्याच्याकडून लोकांची एक ठरीव अपेक्षा असते. राजकारणातील कोणताही तंटा समोर आला असता त्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे सारख्याच आदराने ऐकावे, दोहोंतील थोडेथोडे मान्य करावे, आणि सत्य हे मध्येच कोठेतरी असते असे सांगून मंडळींना समाधानाने घरी पाठवावे, अशी ती अपेक्षा. कल्याणच्या महाविद्यालयात कलाशाखेच्या मुलांना हा विषय शिकवीत असताना ती मला भेटली, निवृत्तीनंतर डोंबिवली-ठाण्याच्या व्याख्यानमालांतून भेटली, आणि अलीकडे तर घरबसल्या, हातातल्या मोबाईलवर, रोज सकाळ-संध्याकाळ भेटत असते. तिच्यामागे सौजन्य आहे, शेजारधर्म आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या शास्त्राच्या नावाने ही मध्यममार्गाची मागणी केली जाते, त्या शास्त्राला ती मुळीच मान्य नाही. एखाद्या प्रश्नाला दोन बाजू आहेत एवढ्यावरून त्या दोन्ही तुल्यबल आहेत असे सिद्ध होत नाही. आणि तुल्यबल नसलेल्या बाजूंना तुल्यबल म्हणून सभेत बसविणे ही निःपक्षपाताची पायरी नसून असत्याला दिलेली सवलत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या नैयायिकांनी ह्या गोष्टीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. हेत्वाभासांमध्ये, म्हणजे वरवर कारणासारख्या दिसणाऱ्या परंतु कारण नसलेल्या हेतूंमध्ये, सत्प्रतिपक्ष नावाचा एक प्रकार ते सांगतात. शब्द नित्य आहे असे एका हेतूने कोणी सिद्ध करू पाहतो, तर शब्द अनित्य आहे असे दुसऱ्या हेतूने दुसरा सिद्ध करू पाहतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हेच उदाहरण आहे आणि विद्यार्थी ते पाठ करतात. दोन्ही हेतू समान बलाचे असतील तोवर कोणताच निष्कर्ष निघत नाही, आणि सुज्ञाने थांबावे हेच योग्य. परंतु दोहोंपैकी एकाला प्रत्यक्षाचा किंवा विश्वसनीय शब्दाचा आधार मिळाला आणि दुसऱ्याला तो मिळाला नाही, की त्याच क्षणी ती समता मोडते. त्यानंतरही ‘दोघांचेही बरोबर’ म्हणत राहणारा मनुष्य मध्यस्थ राहत नाही, कारण मध्यस्थाचे काम निर्णयापर्यंत पोहोचण्याचे असते. पक्ष आणि प्रतिपक्ष ह्यांचा विचार करून अर्थाचे जे अवधारण करायचे, त्यालाच न्यायसूत्रकार निर्णय म्हणतात, आणि सोळा पदार्थांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान देतात. विचार दोन्ही बाजूंचा करावयाचा, हे खरे. पण तो कोठे तरी पोहोचण्यासाठी करावयाचा, हा त्या मांडणीचा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

हे सारे ग्रंथातले राहू नये म्हणून मी ज्या गावात राहतो त्या गावाची हकीकत सांगतो. डोंबिवली पूर्वेला औद्योगिक वसाहत आहे, आणि तिला लागूनच, काही ठिकाणी तर एका रस्त्याच्या अंतराने, निवासी विभाग आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात ही वसाहत वसली. रंग, औषधे, रसायने ह्यांचे लहानमोठे कारखाने तिच्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याचे वृत्त देशभर गेले. २६ मे २०१६ रोजी, गुरुवारी, प्रोबेस एन्टरप्रायझेस ह्या कारखान्यात जो स्फोट झाला त्यात बारा माणसे गेली, दोनशेच्या वर जखमी झाली आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला, आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्या भागास भेट दिली. २३ मे २०२४ रोजी, पुन्हा गुरुवारी, दुपारी, अमुदान केमिकल्स ह्या कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, आणि कित्येकांची ओळख पटविण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली.

ह्या चार तारखांकडे राजकीय दृष्टीने पाहावे, कारण गावातील वाद पुढे ज्या वळणाने गेला त्याचे मूळ तेथेच आहे. हिरव्या पावसाच्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. २०१६ च्या स्फोटाच्या वेळी भाजप-शिवसेनेचे होते. गुलाबी रस्त्याच्या वेळी महाविकास आघाडीचे होते, आणि २०२४ च्या स्फोटाच्या वेळी महायुतीचे. सुमारे दहा वर्षांत चार निरनिराळ्या सत्तासंयोगांच्या काळात ह्याच जमिनीवर हे प्रसंग घडले. ह्याचा परिणाम असा, की कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही समर्थकाला प्रतिपक्षाच्या काळातील एक घटना सदैव हाताशी उपलब्ध असते.

२३ मेच्या त्या दुपारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जे घडले ते मी जपून ठेवले आहे, कारण पुढे वर्गात सांगता येईल इतके ते नमुनेदार होते. पहिली वाक्ये माणसांची होती: काचा हादरल्या, धूर कोणीकडून येतो आहे, बाहेर गेलेली मुले आणायला कोणी निघाले आहे का, अमक्या काकू एकट्याच आहेत, कोणीतरी वर जाऊन पाहा. मग ‘बॉयलर फुटला’ असा मजकूर आला आणि तो पुढे ढकलत ढकलत निश्चित वृत्ताच्या पदवीस पोहोचला. वास्तविक पुढे संशय वळला तो बाष्पकाकडून प्रक्रियापात्राकडे, ज्याला लोक रिॲक्टर म्हणतात त्याकडे. आणि हा फरक शाब्दिक नव्हे. बाष्पकाची तपासणी एका कायद्याखाली एक संचालनालय करते, रासायनिक प्रक्रियेच्या सुरक्षिततेची जबाबदारी दुसऱ्या कायद्याखाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, सांडपाणी आणि धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भूखंड महामंडळाकडे. जे फुटले त्याचे नाव चुकले, तर जाब विचारावयाचे दप्तरच चुकते. परंतु तिकडे कोणाचे लक्ष जाण्यापूर्वीच एकाने लिहिले, ‘पालकमंत्री कोण, खासदार कोण, ते विचारा आधी.’ दुसऱ्याने लगोलग लिहिले, ‘आणि गुलाबी रस्ता झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होते?’ तिसऱ्याने २०१६ काढले, चौथ्याने २०१४. कल्याण मतदारसंघात मतदान होऊन तीनच दिवस झाले होते, निकाल यावयाचा होता, आणि मने आधीच तापलेली होती. सायंकाळपर्यंत गटावर शेकडो मजकूर झाले. त्यांत कारखान्यात कोणते रसायन होते हे विचारणारा एक होता, आणि त्याला कोणी उत्तर दिले नाही. रात्री एका वयोवृद्ध सभासदाने समेटाचे वाक्य लिहिले, की सगळेच पक्ष सारखे, दोन्ही बाजूंनी चुका झाल्या, आता विषय बंद करू या. त्यावर हात जोडलेली चिन्हे आली आणि विषय खरोखरच बंद झाला.

हा समेट मला त्या सर्व भांडणाहून अधिक दुःखद वाटला, आणि त्याचे कारण मला येथे नीट मांडले पाहिजे. न्यायसूत्रांत वादात पराभूत होण्याची बावीस स्थाने सांगितली आहेत; त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांपैकी एक मतानुज्ञा. आपल्यावर आलेला दोष निवारण न करता ‘तोच दोष तुमच्याकडेही आहे’ एवढेच जो म्हणतो, त्याने आपल्यावरील आरोप प्रत्यक्षात कबूल केला, असे हे शास्त्र धरते. चोर म्हटल्यावर ‘तूही चोर’ म्हणणाऱ्याने आपण चोर नसल्याचे कोठे दाखविले? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिले त्यांनी आमच्या गटावरील वाद पाहिला असता तर एका ओळीत निकाल दिला असता, की दोन्ही पक्ष निगृहीत झाले, दोघांनीही आरोप मान्य केला, आता प्रश्नाकडे वळा. आमच्याकडे नेमके उलटे घडते. दोघेही दोषी ठरले म्हणजे हिशेब फिटला असे मानून आपण प्रश्नच दप्तरदाखल करतो. दोन आरोप परस्परांना छेदून शून्य होतात, ही अंकगणितातील गोष्ट आहे. न्यायात दोन आरोपांची बेरीज दोनच होते.

आणि ह्या सगळ्यात विचारावयाचे जे होते ते फार सरळ होते. भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात घातक प्रक्रियांविषयी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ४१-ब अन्वये, अशा कारखान्याच्या भोगवटादाराने संभाव्य धोके आणि ते टाळण्याचे उपाय ह्यांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील जनतेलासुद्धा देणे बंधनकारक केले होते. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांत आपत्कालीन योजनेची तरतूद आली, १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमावयास सांगितले. म्हणजे निवासी विभागात राहणाऱ्या गृहिणीलासुद्धा रस्त्यापलीकडे काय शिजते आहे हे कळण्याचा कायदेशीर हक्क त्या दोन्ही मे महिन्यांत होता. ही माहिती कोणत्या इमारतीत, कोणत्या तारखेला, कोणी दिली? २०१६ च्या स्फोटानंतर चौकशी समिती नेमण्यात आली होती. तिच्या शिफारशींतील कोणती कोणत्या कचेरीने अमलात आणली? दीडशेच्या वर कारखाने पाताळगंगेकडे हलविण्याचा जो निर्णय २०२४ पूर्वीच जाहीर झाला होता, त्याची अंमलबजावणी कोठे अडली? ह्यांतील एकाही प्रश्नाला पक्ष नाही. म्हणूनच तो कोणाच्या उपयोगी पडला नाही.

येथे ‘कारखाने आधी की घरे आधी’ हा जो आवडता वाद आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. कारखानदारांच्या बाजूने सांगतात की आम्ही आधी आलो, लोक नंतर येऊन खेटून राहिले. ह्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करण्यात संकोच नसावा; घरांना परवानगी देणाऱ्यांना तो प्रश्न अवश्य विचारावा. परंतु कोण आधी आले ह्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी प्रक्रियापात्राचे तापमान कोण पाहत होते ह्या प्रश्नाचे उत्तर त्यातून निघत नाही. कारखान्याच्या आत काम करणारा मजूर तर कोणाच्याही नंतर खेटून राहावयास आलेला नव्हता. मेला तो प्रथम.

आता पक्षनिष्ठेकडे येतो. काही सज्जन असे समजतात की सगळ्या अनर्थाचे मूळ पक्ष घेण्यात आहे, आणि सर्वांनी तटस्थ व्हावे. मला हे पटत नाही. पक्ष घेतल्यावाचून वाद संभवत नाही. आगरकर १८८१ पासून ‘केसरी’चे संपादक होते, मतभेद वाढल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला, तो काही दोन्ही बाजूंना सारखी जागा देण्यासाठी नव्हे. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९० च्या सुमारास महाराष्ट्रात जे रण माजले, त्यात टिळक एका बाजूला होते, आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला होते, आणि भाषा दोन्हीकडून तिखट होती. तरीही त्या वादाची कागदपत्रे आज वाचताना एक गोष्ट ध्यानात येते, की भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचने पुढे केली तेव्हा टिळकांनी त्या वचनांच्या अर्थावर उत्तर दिले. वाद प्रमाणांवर, म्हणजे पुराव्यांवर, होत होता. दुसरी गोष्टही तितकीच ध्यानात येते. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली होती. रूढीचा अधिकार हा एक पक्ष आणि मुलीचा जीव हा दुसरा, असे दोन पारड्यांत मांडून काटा मध्यावर ठेवणे त्या काळीही शक्य होते, आणि पुष्कळ प्रतिष्ठितांनी तसे केलेही. आगरकरांनी ते केले नाही. आज आपण त्यांना त्यासाठीच मानतो. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा झाला आणि मुलीच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारावर गेली.

तेव्हा दोष पक्ष घेण्यात नाही. पक्ष आधी ठरवून त्याच्या मागणीनुसार प्रमाणे गोळा करणे, आणि नको असलेली प्रमाणे झाकून ठेवणे, हा दोष आहे. ठाण्यात त्याचे जे उदाहरण पाहावयास मिळाले त्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. ज्यांच्या नेतृत्वाखाली ती पडली ते एकनाथ शिंदे ठाण्याचेच. शाखा फुटल्या, घरे फुटली, टेंभी नाक्यावर एकत्र वाढलेली माणसे परस्परांशी बोलेनाशी झाली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. निकालाच्या शेवटी निष्कर्ष क्रमवार दिलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगण्याचे राज्यपालांपाशी पुरेसे कारण नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, आणि म्हणून शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता कायद्याला धरून नव्हती, असेही म्हटले. परंतु त्याच निकालात असेही आहे की ठाकरे यांनी बहुमताला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती परत आणता येत नाही, शिंदे यांना सरकार बनविण्यास बोलावणे योग्यच होते, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत करावा. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे ह्या निकालाचे दोन सारांश आले. एकात पहिली दोन वाक्ये होती आणि विजयाचे अभिनंदन होते. दुसऱ्यात शेवटची तीन होती आणि विजयाचेच अभिनंदन होते. दोन्ही सारांशांत असत्य असे एक अक्षरही नव्हते.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगत असे. असा अर्धा-अर्धा मजकूर आला असता दोन्ही अर्धे वाचून मधला रस्ता काढण्याने काही साधत नाही, कारण दोन अर्धवट वकिली युक्तिवादांची सरासरी काढून निकालपत्र तयार होत नाही. निकालपत्रच वाचावे लागते. ते वाचल्यावर कदाचित असे दिसेल की एका मुद्द्यावर एक पक्ष सर्वस्वी चुकला आणि दुसऱ्या मुद्द्यावर दुसरा. हे संतुलन नव्हे. हे मुद्देनिहाय दिलेले निर्णय आहेत, आणि त्यांतील प्रत्येक निर्णय आपापल्या जागी एकांगीच असतो.

जेथे एक पक्ष वस्तुस्थितीच्या बाबतीत संपूर्णपणे खोटा असतो, तेथे समतोलाचे सोंग प्राणघातक ठरते. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक ह्यांना जमावाने ठार मारले. २०१४ पर्यंत हा मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्या भागात चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याची अफवा आधीपासून पसरली होती. त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांचा अशाच अफवेने बळी घेतला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. गडचिंचल्याच्या चित्रफितीत ‘ओये बस’ असे थोपविण्याचे शब्द होते, ते ‘शोएब’ असे ऐकले गेले, आणि काही तासांत हल्लेखोर मुसलमान असल्याचा मजकूर घरोघरी पोहोचला. गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. ह्यानंतर ‘एक बाजू असे म्हणते, दुसरी तसे म्हणते’ ह्या वाक्याला कोणता अर्थ उरला होता? तरी ते वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून कित्येक आठवडे ऐकत राहिलो. प्रतिपक्षातील काहींनी तर त्या यादीवरच प्रकरण संपविले, आणि पोलीस समोर असताना तीन माणसे मारली गेली ही तितकीच सिद्ध असलेली गोष्ट त्यांच्या बोलण्यातून नाहीशी झाली. पक्षाला उपयोगी तेवढेच सत्य उचलण्याची ही सवय कोणा एका झेंड्याची मिरास नाही. पण म्हणून ‘शोएब’ची भाकडकथा आणि १०१ जणांची यादी ह्यांना एका पंक्तीस बसविता येत नाही.

उलट, जेथे समतोल खरोखर हवा तेथे तो आम्हाला नकोसा होतो. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत दिवा आणि मुंब्रा ह्यांच्या दरम्यान वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींच्या शेजारून जात असता दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा मृत्यू त्याच दिवशी कळला. पाठीवरच्या पिशव्यांचा धक्का लागला असे एक कारण सांगितले गेले. पुढे लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील हयगयीचा आरोप ठेवून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला, आणि तो आरोप रेल्वेच्या बाजूने अमान्य करण्यात आला. येथे तांत्रिक पुराव्याला तांत्रिक पुराव्याने उत्तर आहे, न्यायालयाचा निर्णय व्हावयाचा आहे. सत्प्रतिपक्षाची स्थिती म्हणतात ती अशी, आणि थांबण्याचे धैर्य येथे दाखवावयाचे असते. आमच्या गटावर मात्र ह्या प्रश्नाचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागला होता: सत्तापक्षाच्या चाहत्यांच्या मते प्रवाशांची बेफिकिरी, विरोधकांच्या मते सरळ खून.

डोंबिवलीतील त्या ६५ इमारतींविषयी थोडक्यातच सांगतो. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या ह्या इमारती पाडाव्यात असा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यावर ‘कायदा की माणुसकी’ असे दोन तट पडले. परंतु इमारत बेकायदा आहे आणि रहिवासी फसविला गेला आहे, ह्या दोन विधानांत मुळी विरोधच नाही. दोन्ही एकाच वेळी सत्य आहेत. विरोध होता तो कायदा आणि रहिवासी ह्या दोघांचा मिळून बनावट कागद करणाऱ्याशी, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर मजले चढले त्यांच्याशी. खोटा समतोल साधण्यासाठी कधीकधी खोटे भांडण आधी लावून द्यावे लागते, ते असे.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे नव्हे. सिगारेटच्या कंपन्यांनी अमेरिकेत कित्येक वर्षे एवढेच साधले, की धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी शास्त्रज्ञांत अद्याप दोन मते आहेत असे लोकांना वाटत राहावे. वाद जिंकण्याची त्यांना गरजच नव्हती, तो चालू राहिला म्हणजे पुरे होते. २०११ साली बीबीसीच्या विज्ञानविषयक वार्तांकनाची स्टीव्ह जोन्स ह्या जीवशास्त्रज्ञाने समीक्षा केली, तेव्हा निःपक्षपाताचा नियम फार ताठरपणे लावल्यामुळे किरकोळ मतांना शास्त्रीय एकमताच्या बरोबरीची जागा मिळते, असे त्याने दाखविले. डोंबिवलीत अशी एखादी कंपनी कट करीत बसलेली नाही. येथे तेच काम आपण फुकट करतो, आणि मोबाईलमधील यंत्रणा त्याला हातभार लावते, कारण ज्या मजकुरावर अधिक लोक तुटून पडतात तो अधिकांना दाखविण्यात तिचा व्यापार आहे. ‘कलम ४१-ब अन्वये माहिती दिली काय’ ह्या प्रश्नावर कोण तुटून पडणार?

ठाणे-कल्याणला छापील वादाची परंपरा जुनी आहे. ठाण्यातून १८६६ साली ‘अरुणोदय’ निघत होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्या वाचनालयांच्या टेबलांवर परस्परविरोधी पत्रे शेजारीशेजारी पडलेली असत, आणि वाचणारा दोन्ही वाचून उठत असे. आता ज्याला त्याला त्याच्याच पक्षाचे पत्र दिवसभर घरपोच मिळते. त्यावर उपाय म्हणून उरलेल्या पक्षाचेही एक पत्र वाचा असे मी सांगणार नाही. मूळ कागद वाचा असे सांगेन, आणि तो मिळत नसेल तर मागा.

आमच्या सोसायटीत तसा एक प्रयत्न चालू आहे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर सर्वसाधारण सभेत मी माहितीच्या अधिकाराखालील अर्जाचा मसुदा वाचला: आमच्या इमारतीपासून एक किलोमीटरच्या आत घातक प्रक्रियेचे कारखाने कोणते, त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, परिसरातील जनतेला द्यावयाची माहिती कोणत्या तारखेस कोणाला दिली, स्थानिक आपत्ती गटाच्या बैठकांची इतिवृत्ते. त्यात ‘विद्यमान सरकारच्या काळात’ हे शब्द घालावेत असा एकाचा आग्रह पडला, ‘मागील सरकारपासून’ असा दुसऱ्याचा. बराच वेळ खल झाल्यावर १ जानेवारी २०१४ ही तारीख घातली गेली, आणि गटावर एकमेकांना नाना विशेषणे लावणाऱ्या दोघांनीही खाली सह्या केल्या. ज्या कार्यालयाकडे अर्ज केला त्याने तो कलम ६(३) अन्वये दुसरीकडे वर्ग केला. तेथून कारखान्यांची यादी आली आणि काही तपासण्यांच्या तारखा आल्या. जनतेला दिलेल्या माहितीविषयीच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहून आले. इतिवृत्तांविषयी उत्तरच नव्हते. त्या दोन मुद्द्यांवर पहिले अपील दाखल केले आहे. सुनावणीस माझ्याबरोबर ते दोघेही येणार आहेत.